पहिलेपणाचा मान

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास असायचा : भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोठे जन्मली? उत्तर ठरलेले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी. मीही वर्षानुवर्षे हेच उत्तर देत आलो. मुंबईकर म्हणून थोड्या अभिमानानेच. हे उत्तर चुकीचे होते हे पुढे कळले. त्याहून नवल याचे वाटले, की ज्यांच्या नावावर तो मान होता, त्यांच्यापैकीच एकाने ते उत्तर खोडले होते.

ही गोष्ट सुरू होते १९७८ मध्ये. त्या वर्षी २५ जुलैला इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊनचा जन्म झाला. शरीराबाहेर स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचा संयोग घडवून जन्मलेले हे जगातले पहिले मूल. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीचे ते फळ होते. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. जग तिला 'दुर्गा' या नावाने ओळखू लागले. डॉ. सुभाष मुखर्जी, शीतशास्त्रज्ञ सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य या तिघांनी हे काम केले होते.

ही इंग्लंडची नक्कल नव्हती. तिथे स्त्रीच्या नैसर्गिक पाळीत तयार होणारे एकच बीज पोटातून दुर्बिणीने काढले होते. मुखर्जींनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकापेक्षा अधिक बीजे तयार करवली आणि ती योनिमार्गाने काढली. तयार झालेले भ्रूण त्यांनी लगेच गर्भाशयात सोडले नाही. ५३ दिवस गोठवून ठेवले आणि नंतरच्या पाळीत सोडले. कारण साधे होते. इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात गर्भाशयाची स्थिती बदललेली असते. त्याला पूर्ववत व्हायला वेळ द्यावा. आज वंध्यत्वाच्या उपचारांत या तिन्ही गोष्टी नित्याच्या झाल्या आहेत. पण गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्मल्याची जगमान्य नोंद व्हायला १९८४ साल उजाडावे लागले.

मग कोलकात्यात काय झाले? कौतुक झालेच नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. अशा कामाचा अनुभव तेव्हा देशात दुसऱ्या कोणालाच नव्हता, त्यामुळे परीक्षा घेणारेच विषयाला नवखे होते. दुर्गाच्या आईवडिलांना आपले नाव उघड होऊ द्यायचे नव्हते. मूल होत नाही हे बोलून दाखवण्याचीही तेव्हा चोरी होती. डॉक्टरांनी तो शब्द पाळला आणि त्यांची बाजू आणखी लंगडी झाली. समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९७९ मध्ये जपानमधील परिसंवादाचे निमंत्रण आले, पण सरकारने जाण्याची परवानगी दिली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली झाली ती नेत्रविकारांच्या संस्थेत! प्रजननशास्त्रात आयुष्य घातलेल्या माणसाने तिथे काय करायचे? १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले. तपन सिन्हा यांचा 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट अनेकांना आठवत असेल. त्यामागची प्रेरणा हीच.

पाच वर्षांनी मुंबईत हर्षाचा जन्म झाला. केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे ते यश. प्रत्येक पायरीची व्यवस्थित नोंद असलेले, निर्विवाद. देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते.

१९९७ मध्ये आनंदकुमार कोलकात्याला गेले असताना मुखर्जींची टिपणे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली, दुर्गाच्या आईवडिलांशीही बोलले. आणि त्याच वर्षी 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून जाहीर केले की, भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय सुभाष मुखर्जींचे आहे.

हे लिहिण्याची त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. टिपणे बाजूला ठेवून दिली असती, तर विचारणारेही कोणी नव्हते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दुर्गाच्या जन्माचा उल्लेख आला. त्याआधी, २००३ मध्ये, पंचविशीच्या दुर्गाने स्वतः लोकांसमोर येऊन आपल्या डॉक्टरांविषयी कृतज्ञता व्यक्त केली होती. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आनंदकुमारही त्याच वर्षी निवर्तले.

संशोधन पुढे जाते ते नव्या शोधांमुळे, असे आपण म्हणतो. पण कोणाचे काय, हे सरळपणे मान्य करणारी माणसेही त्याला लागतात. चौकशी समितीपाशी अधिकार होता, पण समजून घेण्याची तयारी नव्हती. आनंदकुमारांपाशी मान होता आणि तो सोडण्याची तयारीही होती.

आता तो जुना प्रश्न कोणी विचारला, तर मी आधी कोलकात्याचे नाव घेतो, मग मुंबईचे. मुंबईचा अभिमान काही कमी झालेला नाही. फक्त त्याला आता आणखी एक कारण मिळाले आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)