अर्भकाची शीर आणि रुग्णालयाचे बिल : माझगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आजारी अर्भकास सलाईन, प्रतिजैविके अथवा रक्त द्यावयाचे झाल्यास प्रथम शीर मिळवावी लागते. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत हे काम बहुधा क्षणाचे असते. अर्भकाच्या शिरा मात्र सूक्ष्म, त्वचेखालील चरबीत दडलेल्या आणि सहज फुटणाऱ्या असतात. हात, पाय, डोके आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नाळेतील शीर असे मोजकेच मार्ग उपलब्ध असतात. 24 किंवा 26 क्रमांकाची कॅन्युला, जिला वॉर्डात सर्रास ‘इंट्राकॅथ’ म्हटले जाते, ती बसविण्यासाठी अनेकदा दोन-तीन प्रयत्न करावे लागतात. या कौशल्याची नोंद बिलात कशी होते आणि तिचा भार कोण उचलतो, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

धर्मादाय परंपरा आणि कायदा

माझगावला लागून असलेल्या भायखळ्यात 1845 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून रुग्णालय सुरू झाले. माझगावातच नेसबिट मार्गावर 1945 पासून प्रिन्स अली खान रुग्णालय कार्यरत होते. ते 2022 मध्ये बंद झाले. या परिसरातील रुग्णसेवेचा पाया असा दानधर्माचा होता. पुढे या दानधर्माला कायद्याची चौकट लाभली. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात 1985 मध्ये कलम 41 कक समाविष्ट झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 2006 मध्ये जी योजना लागू झाली, तिने धर्मादाय रुग्णालयांतील 10 टक्के खाटा निर्धन व 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवल्या आणि एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे बंधनकारक केले.

या योजनेत खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची सेवा इत्यादी बाबी बिलात न धरण्याच्या ठरल्या, तर औषधे व वापरून टाकावयाची साधने खरेदी किमतीने आकारावयाची ठरली. परिणामी शीर मिळविण्याच्या एकाच कृतीचे हिशेबात दोन भाग पडले. परिचारिकेचे श्रम बिलाबाहेर गेले आणि कॅन्युला मात्र बिलात राहिली. निर्धन बालकाच्या बाबतीत हा खर्च निधीतून होतो. दुर्बल घटकातील पालकांना मात्र साधनांच्या किमतीचा किमान निम्मा वाटा द्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक फसलेला प्रयत्न त्यांच्या खिशाला जाणवतो.

संकेतांकांची पद्धत

अमेरिकन वैद्यक संघटनेने 1966 मध्ये वैद्यकीय कृतींच्या संकेतांकांची सूची प्रथम प्रसिद्ध केली. आजच्या सूचीत तीन वर्षांखालील बालकाच्या डोक्यावरील शिरेसाठी 36405, तर नवजाताच्या नाळेतील शिरेत नळी घालण्यासाठी 36510 हा स्वतंत्र संकेतांक आहे. यांपैकी पहिला संकेतांक नेहमीच्या रक्तनमुन्यासाठी वापरता येत नाही. डॉक्टरांच्या कौशल्याची गरज भासली असेल तरच तो लागू होतो. तथापि नवजात अतिदक्षतेचा दैनिक संकेतांक लावल्यास या दोन्ही कृतींचे स्वतंत्र बिल करता येत नाही.

पॅकेज व्यवस्था

महाराष्ट्रात 2 जुलै 2012 रोजी मुंबईसह 8 जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. 971 उपचारांचे पॅकेज दर ठरविणाऱ्या या योजनेस 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. 2018 च्या आयुष्मान भारत योजनेत नवजाताची शुश्रूषा आजाराच्या तीव्रतेनुसार प्रतिदिन पॅकेजमध्ये बांधण्यात आली. शासकीय रुग्णालयांत तर 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजातावरील उपचार विनामूल्य केले. पॅकेजमुळे पालक सुटले. परंतु ठरलेल्या दरात किती कॅन्युला लागल्या, हा प्रश्न आता रुग्णालयाचा झाला आणि ती कृती बिलातून नाहीशी झाली.

समारोप

दान, निधी, संकेतांक आणि पॅकेज या चार व्यवस्थांनी खर्चाचा भार वेगवेगळ्या खांद्यांवर टाकला. गरीब पालकांच्या दृष्टीने पॅकेज निश्चितच हितकारक आहे. मात्र जे बिलात येत नाही ते अनेकदा नियोजनातही येत नाही. प्रशिक्षित परिचारिका किती हव्यात आणि लहान क्रमांकाच्या कॅन्युलांचा साठा किती असावा, हे ठरविण्यासाठी प्रयत्नांची नोंद आवश्यक असते. म्हणून बिलातून वगळलेली ही कृती बालकाच्या केसपेपरवर तरी तपशीलवार नोंदविली जाणे अगत्याचे आहे.