आईच्या ओव्या आणि जिस्ट कार्ड

परवा नातू अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आला. माझा बारा वर्षांचा लॅपटॉप बघून म्हणाला, "आबा, याच्यात विंडोज ११ नाही बसत. टीपीएम २.० नाही याच्यात." विंडोज १० चे नियमित अपडेट तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या लेखी निवृत्त... माझ्यासारखंच!

मग लिनक्स बसवायचं ठरलं. आधी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवल्या. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली, रॅम वाढवली. बायोसमध्ये शिरून सिक्युअर बूट बंद केलं आणि आधी पेनड्राइव्ह वाचायला सांगितलं. हे सगळं बघताना मला जिस्ट कार्ड आठवलं.

१९८० च्या दशकात पीसीवर डॉस चाले आणि डॉसला देवनागरी येत नसे. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी यावर काम केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिथे पुढे गेलं. उपाय असा, की पीसीचं झाकण उघडायचं आणि आतल्या स्लॉटमध्ये एक कार्ड बसवायचं. जोडाक्षरं जुळवून पडद्यावर उमटवणं हे काम कार्डाचं. डॉस होतं तसंच राही. वर्डस्टारला पत्ताही नसे की आपल्यात मराठी लिहिलं जातंय!

पण खरी कमाई कार्ड नव्हे, इस्की. इंग्रजीचे १२८ क्रमांक तसेच ठेवून वरच्या रिकाम्या जागी भारतीय अक्षरं बसवली. १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली. कार्ड भंगारात गेलं, पण मांडणी टिकली.

हे मला महागात पडून कळलं. नव्वदच्या दशकात मी आईच्या जात्यावरच्या ओव्या एका दुकानात टाइप करून घेतल्या. त्यांचा फाँट वेगळाच, इंग्रजी अक्षरांच्या जागी नुसते मराठी आकार बसवलेले. पुढे छापील कागद वाळवीनं खाल्ले. आई तर केव्हाच गेली. उरली ती फाइल, आणि उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला.

"आबा, पुसू का हे?" नातवानं विचारलं.

"थांब बाबा!"

पहिली ओवी मला पाठ आहे. तिच्यावरून कोणत्या खुणेला कोणतं अक्षर, याचा तक्ता आम्ही दोघं करतोय. आतापर्यंत एकोणीस अक्षरं सापडली.

असो. तुमच्याकडे अशा जुन्या फायली असतील, तर यंत्र बदलण्याआधी त्या युनिकोडमध्ये आणून ठेवा. पाठ असणारं माणूस घरात आहे, तोवरच.