सहीच्या रांगेचा इतिहास

या वेळच्या भागात आपण फूटीबद्दल बोललो. बोलताना एक प्रश्न अर्धाच राहिला, म्हणून हा लेख.

तुमच्यापैकी जे मेलबर्नमध्ये राहतात त्यांनी हे दृश्य पाहिलेलं असणार. सीझन सुरू व्हायच्या आधी क्लबचा 'फॅमिली डे' असतो. मैदानाचं फाटक उघडं, सॉसेजचा वास, लहान मुलं गवतावर बॉल मारतायत. एका बाजूला टेबलं मांडलेली आणि समोर लांबच लांब रांग. टेबलामागे ते खेळाडू, ज्यांना तुम्ही एरवी टीव्हीवर बघता. एखादा साडेसहा फुटी गडी गुडघे टेकून सात वर्षांच्या मुलीच्या जर्सीवर मार्करने सही करतो आणि तिला विचारतो, "कुठल्या पोझिशनला खेळतेस?" नुकतेच भारतातून आलेले आईबाबा शेजारी उभे राहून हळूच विचारतात, "अरे, याचं तिकीट किती?"

दुबईत किंवा लेस्टरमध्ये बसून वाचणाऱ्यांसाठी चार ओळी. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. क्रिकेटच्या मैदानावर, लांबट बॉलने, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने बॉल गेला की गोल, त्याचे सहा गुण. थोडा बाजूने गेला तर एक. देशाची मुख्य स्पर्धा एएफएल, आणि ग्रँड फायनलला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर लाखाच्या आसपास लोक असतात.

आता प्रश्न असा, की इतके मोठे खेळाडू रांगेतल्या प्रत्येकाला भेटतात ते का? "मार्केटिंग, दुसरं काय!" हे उत्तर खोटं नाही. पण त्याच्या मागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे, आणि ती माहीत असेल तर त्या रांगेत तुम्ही जरा वेगळ्या ऐटीत उभे राहाल.

खेळाडू गल्लीतलाच

१८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, तेव्हा फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्न फुटबॉल क्लबच्या काही सभासदांनी बसून नियम लिहून काढले. इंग्लंडमधल्या फुटबॉल असोसिएशनचे नियम त्यानंतर चार वर्षांनी आले.

१८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली, आठ क्लबांची. त्यांची नावं बघा: कार्लटन, कॉलिंगवुड, एसेंडन, फिट्झरॉय, साउथ मेलबर्न, सेंट किल्डा. ही सगळी मेलबर्नच्या वस्त्यांची नावं आहेत. उरलेले दोन म्हणजे मेलबर्न आणि शेजारचं जिलाँग शहर. १९२५ मध्ये फुट्स्क्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न आले. तीही वस्त्यांचीच नावं. पुढे कितीतरी वर्षं खेळाडूही विभागवारीनेच घेत. ज्या विभागात तुमचं घर, त्या क्लबचा तुमच्यावर पहिला हक्क.

आणि पैसा? १९३० मध्ये लीगने नियम केला की खेळाडूला एका सामन्याचे तीन पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. साहजिकच खेळाडू नोकरी करायचा. कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी पोलिसात. मंगळवारी आणि गुरुवारी काम सुटल्यावर सराव. तो बघायला वस्तीतली माणसं कुंपणाला टेकून उभी असायची. शनिवारी ज्याच्या नावाने घसा बसवायचा, तोच सोमवारी ट्राममध्ये शेजारी. त्याला भेटायला वेगळा कार्यक्रम ठेवायची गरजच नव्हती.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी आठवण कुठे सापडेल, तर मुंबईच्या मैदानांवर. कांगा लीगमध्ये कसोटी खेळलेला माणूस भर पावसात तुमच्या काकांच्या टीमविरुद्ध खेळायचा आणि दुसऱ्या दिवशी बँकेत किंवा कंपनीत कामावर जायचा. घरी ज्येष्ठ मंडळींना विचारून बघा, एखादा किस्सा नक्की निघेल.

कुंपण उंच होतं

१९८० च्या दशकात चित्र बदललं. टीव्हीचा पैसा आला, खेळाडूंचे पगार वाढले, आणि वस्तीच्या जिवावर चालणारे क्लब कर्जात बुडाले. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न क्लब उचलून थेट सिडनीला नेला. १९८६ पासून राष्ट्रीय ड्राफ्ट सुरू झाला, म्हणजे देशभरातल्या तरुण खेळाडूंना क्लब क्रमाने निवडणार. आता पर्थचा मुलगा फुट्स्क्रेला खेळू लागला आणि फुट्स्क्रेचा मुलगा ॲडलेडला. १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनचे क्लब लीगमध्ये आले, आणि १९९० मध्ये लीगचं नावच एएफएल झालं.

यात वाईट माणसं कुणी नव्हती असं मी म्हणत नाही, पण हिशेब साधा होता. एका शहरात इतके क्लब परवडत नाहीत, तर काही बंद करा, काही एकमेकांत मिसळा.

१९८९ ची वर्गणी

ऑक्टोबर १९८९. बातमी आली की फुट्स्क्रे आणि फिट्झरॉय एक होणार, नाव 'फिट्झरॉय बुलडॉग्ज'. फुट्स्क्रे म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेची कामगारवस्ती. कारखाने, खाटीकखाने, गोदी. त्यांनी आयुष्यात एकच प्रीमियरशिप बघितलेली, १९५४ ची. शहराच्या पूर्वेकडचे लोक या भागाला नाक मुरडायचे. आणि आता त्यांच्याकडे हक्काची म्हणावी अशी एक गोष्ट होती, तीही जाणार.

आयरीन चॅटफिल्ड नावाच्या एका सामान्य चाहतीने लीगविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात दावा लावला. पीटर गॉर्डन या स्थानिक वकिलाने लढ्याचं नेतृत्व केलं. शेवटी क्लबला जेमतेम तीन आठवड्यांची मुदत मिळाली: तेवढ्यात सुमारे पंधरा लाख डॉलर उभे करा, नाहीतर विषय संपला.

पुढे जे झालं ते तुम्हाला लगेच कळेल, कारण गणपतीची वर्गणी आपल्याला माहीत आहे. लोक डबे घेऊन रस्त्यावर आले. दारोदार फिरले. पेन्शनवर जगणाऱ्यांनी नाणी टाकली, मुलांनी खाऊचे पैसे दिले. वेस्टर्न ओव्हल या क्लबच्या मैदानावर हजारोंची सभा झाली. खेळाडूही लोकांबरोबर त्याच गर्दीत उतरले. आणि पैसे जमले. क्लब वाचला.

इथे जरा थांबा आणि विचार करा. त्या तीन आठवड्यांत चाहते खेळाडूंना भेटले, पण सही मागायला नव्हे. त्यांचं काम टिकवायला भेटले.

सगळीकडे असं झालं नाही. फिट्झरॉय सात वर्षं कशीबशी तगली आणि १९९६ च्या शेवटी ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाली. त्याच वर्षी मेलबर्न आणि हॉथॉर्न यांना एक करायचा घाट घातला गेला. दोन्ही क्लबांच्या सभासदांनी मतदान केलं. हॉथॉर्नच्या सभेत त्यांचा जुना कर्णधार डॉन स्कॉट उभा राहिला. नव्या क्लबची नियोजित जर्सी त्याने हातात धरली आणि तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेला ससाणा, म्हणजे हॉथॉर्नचं चिन्ह, टर्रकन ओढून काढला. खाली उरली निव्वळ मेलबर्नची जर्सी. मेलबर्नच्या सभासदांनी विलीनीकरणाला होकार दिला, हॉथॉर्नच्या सभासदांनी नकार. बेत बारगळला.

आता लक्षात आलं? मेलबर्नच्या या क्लबांना एक मालक नाही. आयपीएलची टीम कंपनीची असते, इंग्लंडमधला मोठा क्लब एखाद्या अब्जाधीशाचा असू शकतो. इथे मताचा हक्क असलेलं सभासदत्व घेतलं, तर संचालक निवडताना तुम्हाला मत देता येतं. फॅमिली डेला तुम्ही पाहुणे म्हणून जात नाही, घरच्यांपैकी म्हणून जाता.

२ ऑक्टोबर २०१६

फुट्स्क्रेचं नाव १९९७ च्या सीझनपासून 'वेस्टर्न बुलडॉग्ज' झालं, आणि त्याच वर्षी वेस्टर्न ओव्हलवरचे लीगचे सामनेही थांबले. मैदानाला मात्र १९९५ मध्ये टेड व्हिटनचं नाव मिळालं होतं. तो १९५४ च्या संघातला, याच वस्तीतला. कर्करोगाने त्याची दृष्टी गेली होती. त्या वर्षी जूनमध्ये त्याला मोटारीतून मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला फेरी मारली. त्याला गर्दी दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. ऑगस्टमध्ये तो गेला.

१ ऑक्टोबर २०१६ ला बुलडॉग्जनी सिडनीला ८९-६७ असं हरवलं. बासष्ट वर्षांनी प्रीमियरशिप. कर्णधार बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्या दिवशी खेळू शकला नव्हता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने त्याला स्टेजवर बोलावलं आणि आपल्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. तेव्हा क्लबचा अध्यक्ष कोण होता? पीटर गॉर्डन. तोच, १९८९ चा वकील.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाडू कप घेऊन व्हिटन ओव्हलवर आले. ग्रँड फायनल जिंकली की दुसऱ्या दिवशी आपल्या मैदानावर लोकांना भेटायचं, ही इथली जुनी रीत. हजारो माणसं जमली होती. १९८९ मध्ये ज्यांनी डबा फिरवला होता, ते आता नातवंडांना खांद्यावर घेऊन उभे होते. त्या दिवशी कोण कोणाचे आभार मानत होतं, हे सांगणं कठीण.

कुंपणाची दुसरी बाजू

एवढ्यावर थांबलो तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. ज्या कुंपणावरून सहीसाठी वही पुढे केली जाते, त्याच कुंपणावरून शिव्याही फेकल्या जातात.

१७ एप्रिल १९९३, कॉलिंगवुडचं व्हिक्टोरिया पार्क. सेंट किल्डाचा आदिवासी खेळाडू निकी विन्मार दिवसभर वर्णद्वेषी शिव्या ऐकत खेळला. त्याचा संघ जिंकला. सामना संपल्यावर त्याने त्याच प्रेक्षकांकडे तोंड करून जर्सी वर उचलली आणि आपल्या कातडीकडे बोट दाखवलं. तो फोटो आज ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाचा भाग आहे. १९९५ मध्ये लीगने वर्णद्वेषी शेरेबाजीविरुद्ध नियम केला.

तरी २०१३ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलीने सिडनीच्या ॲडम गुड्सला कुंपणापलीकडून 'एप' म्हटलं. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं, पण दुसऱ्या दिवशी हेही सांगितलं की दोष तिच्यावर टाकू नका, तिला आधार द्या. पुढे मैदानामैदानांवर त्याची हुर्यो उडवली गेली. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला, दोन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस. एएफएल आणि सगळ्या अठरा क्लबांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय. आपल्यातल्या पुष्कळांना शाळेत, बसमध्ये असं काहीतरी ऐकावं लागलं आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्यातलेही काही जण गर्दीत मिसळले की हुर्योत सामील होतात. क्लब आपला आहे म्हटलं की गर्दीतला आवाजही आपला. शेजारचा माणूस काही बोलला, तर गप्प बसायचं की नाही, हाही सभासदाचाच प्रश्न आहे.

बार्कली स्ट्रीट

व्हिटन ओव्हल बार्कली स्ट्रीटवर आहे. त्याच रस्त्याने पश्चिमेला चालत गेलात तर डोशाचा वास येतो, किराण्याची दुकानं लागतात. वेस्ट फुट्स्क्रेची ही 'लिटल इंडिया'. मैदानापासून पायी जाण्याइतकं अंतर, पण आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते कधी ओलांडलेलं नाही. "तो त्यांचा खेळ" म्हणून.

एकदा जाऊन बघा. बायकांच्या सामन्याला गेलात तर आणखी उत्तम. एएफएलची महिलांची स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०१८ ची बुलडॉग्जच्या बायकांनी जिंकली. त्यातल्या पुष्कळ जणी नर्स, शिक्षिका, विद्यार्थिनी अशी कामं सांभाळून खेळत आल्या आहेत, जुन्या काळच्या तीन पौंडवाल्यांसारख्याच. सामना संपल्यावर कुंपणाशी येऊन मुलींशी बोलत उभ्या राहतात, घाई न करता.

इथे "तू कुणाचा फॅन?" असं विचारत नाहीत. "तू कुणासाठी बॅरॅक करतोस?" असं विचारतात. उत्तर द्यायला या देशात किती वर्षं काढली हे कोणी विचारत नाही. १९८९ च्या डब्यात नाणं टाकणाऱ्यांतही कुणाचे आईबाप इटलीहून आलेले होते, कुणी स्वतः व्हिएतनामहून.

तर रांगेत उभे राहिलात की सही जरूर घ्या. पण एखादा प्रश्नही विचारा: तू कुठल्या गावचा, इथे कसा आलास, घरची आठवण येते का? अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये निवड होऊन हजारो मैलांवर एकट्याने राहायला आलेला तो पोरगा असतो. त्या विषयावर तुम्हा दोघांना बोलायला बरंच काही सापडेल.