कलावंतिणीच्या पायऱ्या आणि माचीचा शिमगा

शिमग्याला कोकणातली गावं सहाणेवर जमतात, नाहीतर होळीच्या माळावर. पनवेल तालुक्यातल्या प्रबळमाचीचे ठाकर आदिवासी मात्र सुळका चढतात. प्रबळगडाला खेटून उभा असलेला हा कलावंतीण दुर्ग सुमारे २,२५० फूट उंच. होळीच्या सणाला त्याच्या माथ्यावर जाऊन नाचायचं, ही माचीची रीत.

या रितीचं कूळ शोधू लागलं की पहिली भेटते ती एक गोष्ट. कुणा राजाचं एका कलावंतिणीवर मन बसलं, तिच्यासाठी त्याने सुळक्यावर महाल बांधला आणि तिच्या पावलांसाठी या पायऱ्या खोदवल्या. गोष्ट गोड आहे, म्हणून ती टिकली. पण माथ्यावर पोहोचल्यावर महालाचं जोतंसुद्धा दिसत नाही; महाल मावेल एवढी जागाच तिथे नाही.

खऱ्या आहेत त्या पायऱ्या. प्रबळगड आणि सुळका यांच्यामध्ये इंग्रजी व्हीच्या आकाराची खिंड आहे. तिथून उभ्या कातळात नागमोडी वळणं घेत त्या वर जातात. कठडा नाही, साखळी नाही. काही पायऱ्या गुडघाभर उंच, काही झिजून बाहेरच्या बाजूला कललेल्या. प्रत्येक वळणावर डावा की उजवा हात कातळाला लावायचा हे बदलतं आणि मोकळ्या बाजूला थेट दरी. शेवटचा टप्पा तर पायऱ्यांचाही नाही, हातापायांनी खडक धरून चढायचा.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर वर गेल्यावर नजरेलाच मिळतं. माथेरान, चंदेरी, पेब, इर्शाळ, कर्नाळा आणि हवा स्वच्छ असली तर मुंबईपर्यंतचा मुलूख. पनवेलच्या खाडीत उतरलेला माल बोरघाटाकडे जायचा तो याच टापूतून. या वाटेवर नजर ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही. माझ्या मते हा सुळका प्रेमाचा नव्हे, पहाऱ्याचा. शेजारच्या प्रबळगडाचं जुनं नाव मुरंजन. निजामशाही वाचवण्याच्या धडपडीत शहाजीराजे १६३६ साली माहुलीवर जाण्याआधी याच गडावर होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत मुरंजनही होता आणि पनवेलचाच कर्नाळाही.

पहारे उठले आणि पायऱ्यांचं सरकारी काम संपलं. अशा वाटा सह्याद्रीत किती तरी आहेत. वापर सुटला की झाडोरा माजतो, दगड सुटतात, वाट मोडते. इथली वाट माचीच्या पायांखाली राहिली.

माची ठाकरांची. त्यांचे दोन मोठे गट, क ठाकर आणि म ठाकर. लक्ष्मण चापेकरांनी या समाजात वावरून ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ हा ग्रंथ लिहिला, तो १९६० मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायची, रानातला मेवा गोळा करायचा, बाजाराला खाली उतरायचं, असं हे जिणं. शिमगा त्या वर्षाच्या बरोबर सांध्यावर येतो. कणगीत धान्य पडलेलं असतं आणि पुढच्या पेरणीसाठी राब भाजायचे दिवस असतात. राब म्हणजे रोपांच्या जागेवर झाडांची तोडलेली पानं-डहाळ्या, शेणकूट, गवत यांचे थर पसरून ते जाळणं. त्याने तण मरतं आणि राखेचं खत होतं. हातात जरा सवड, घरात दाणा आणि समोर पुन्हा कष्टाचं वर्ष, अशा वेळी माणूस आपल्या डोंगराच्या माथ्यावर जाऊन नाचला तर त्याला कुठल्या कलावंतिणीच्या कथेचा आधार कशाला लागावा? ज्या डोंगरावर पोट आहे त्याच्याच डोक्यावर सण. मला या रितीचं मूळ इथे दिसतं.

म्हणूनच ही रीत उचलून दुसरीकडे नेता येत नाही. शेजारच्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडीही ठाकरांचीच होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाचलेल्यांना चौकजवळ घरं मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. पण वाडी खाली येते तेव्हा तिचे देव, तिच्या पायवाटा आणि तिचा शिमगा वरच राहतो. पावसाळ्यात प्रबळमाचीकडे बघताना हे मनातून जात नाही.

आता ठाकूरवाडीहून वर येणाऱ्या ट्रेकर्सची शनिवार-रविवारी रीघ लागते. माचीवरच्या घरांत भाकरी-पिठलं मिळतं, अंगणात तंबू लागतात, पोरं वाटाडे होतात. माचीला हा पैसा हवाच आहे. शिमग्याला जायचं असेल तर आधी माचीत मुक्काम करावा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावं आणि त्यांनी या म्हटलं तरच पायऱ्यांची वाट धरावी. पायऱ्या अरुंद आहेत, दोन माणसं शेजारून जात नाहीत; त्या दिवशी ढोल वर नेणाऱ्याला आधी जाऊ द्यावं.