परळीच्या रुळांवरचे ‘कवच’ कुणाच्या कुळातले?

बीड शहरात पहिली रेल्वेगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ला. पण याच जिल्ह्यातल्या परळी वैजनाथवरून जाणारा बिदर–परभणी हा २४१ किलोमीटरचा मार्ग, दक्षिण मध्य रेल्वेवर देशात सर्वांत आधी ‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा बसलेल्या १,४६५ किलोमीटरांपैकी आहे. हे कळल्यापासून एकच प्रश्न मला सोडत नाही: या कवचाचा मूळपुरुष कोण?

युरोपातल्या स्वयंचलित गाडी-नियंत्रणाकडे अनेक जण बोट दाखवतात. दुसरा दावा कोकण रेल्वेचा, आणि तो तगडा आहे. ऑगस्ट १९९९मध्ये गैसलला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर बी. राजाराम यांच्या पुढाकाराने कोकण रेल्वेने टक्करविरोधी यंत्र पुढे आणले आणि त्याला नावही दिले ‘रक्षा कवच’. गाड्यांनी रेडिओवरून एकमेकींना सावध करायचे, ही कल्पना त्यात होती. तरीही नावावरून कूळ ठरवणे मला पटत नाही. ते यंत्र उपग्रहाच्या आधारे गाडीची जागा ठरवी, आणि शेजारशेजारच्या रुळांपैकी गाडी नेमकी कुठल्या रुळावर आहे, हे ओळखताना अडखळे. आजचे कवच स्लीपरवर बसवलेल्या आरएफआयडी टॅगवरून रूळ ओळखते.

माझ्या मते खरा पूर्वज आहे एकेरी मार्गावरचा टोकनचा गोळा.

१० सप्टेंबर १८७४ला इंग्लंडात नॉर्विचजवळ थॉर्प इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. तारेने गेलेल्या एका निरोपावर समोरची गाडी सुटली आणि इकडूनही गाडी सोडली गेली. चार वर्षांनी एडवर्ड टायरने उपाय काढला. दोन स्टेशनांवरची यंत्रे विजेने अशी जोडायची, की एकातून टोकन निघाले की ते परत यंत्रात जाईपर्यंत दोन्हीकडून दुसरे निघूच नये. भारतात नील याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रामुळे हे टोकन लोखंडी गोळ्याच्या रूपात आले. चामडी पिशवीत घालून वेताच्या कडीला अडकवलेला हा गोळा पॉइंट्समन वर धरी आणि ड्रायव्हर धावत्या इंजिनातून तो झेली. गोळा हाती नाही, तर गाडी पुढे नाही.

कवचाचा गाभा हाच आहे. स्टेशनातले यंत्र सिग्नल वाचते आणि गाडीला कुठपर्यंत जाण्याची परवानगी आहे, ते रेडिओवरून इंजिनाला कळवते. ड्रायव्हर ती हद्द ओलांडू लागला, तर यंत्र स्वतः ब्रेक लावते. मार्च २०२२मध्ये परळीहून बिदरमार्गे जाणाऱ्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, विकाराबादजवळ, समोरून येणाऱ्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे कवचाने इंजिन थांबवून दाखवले.

कुणी म्हणेल, गोळ्याला वेग कळत नव्हता, सिग्नल ओलांडणारी गाडी तो थांबवू शकत नव्हता. खरे आहे, ती भर नव्या काळाची. रेडिओचे देणे कोकणचे, हेही मान्य. पण एका तुकड्यावर एकाच गाडीचा हक्क, आणि तो माणसाच्या शब्दावर नव्हे तर यंत्राच्या कुलपावर टिकवायचा, हा विचार गोळ्याचाच आहे.

२६१ किलोमीटरचा नगर–बीड–परळी मार्ग पुरा होऊन परळीला मिळेल, तेव्हा बीडकरांनी वेळापत्रकाबरोबर हेही विचारावे: आमच्या गाडीची परवानगी कुणाच्या शब्दावर आहे, की कुलपात?