नवी संगणकभाषा घडवण्यापूर्वी काय वाचावे?

संगणकाची गोडी लागलेला एखादा विद्यार्थी कधी ना कधी म्हणतोच, "सर, मी स्वतःचीच एक संगणकभाषा तयार करणार आहे." अशा विद्यार्थ्याला आपण हसू नये. आज वापरात असलेल्या अनेक भाषा एका-दोघांच्या अशाच हट्टातून जन्मल्या आहेत. पण "मग मी आधी काय वाचू?" असे त्याने विचारले, तर काय सांगायचे? कंपायलर कसा लिहावा हे शिकवणारी पुस्तके त्याला मिळतीलच. आम्ही मात्र त्याच्या हाती आधी एक जुना अहवाल देऊ. तो 1960 सालचा आहे आणि छापील पाने जेमतेम सोळा. त्यामागची हकिकत समजली, की पुढे काय वाचावे हे आपोआप उलगडते.

स्वल्पविराम की टिंब?

1957 मध्ये आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा तयार केली. पण प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे आणि भाषाही वेगळी, अशी तेव्हा स्थिती होती. सर्व यंत्रांना चालेल अशी एकच भाषा असावी, या विचाराने 1958 मध्ये झुरिक येथे चार अमेरिकन आणि चार युरोपीय तज्ज्ञ एकत्र बसले. तिथे एक वाद चांगलाच रंगला. दशांशचिन्ह म्हणून अमेरिकन लोक टिंब वापरतात, तर युरोपात अनेक ठिकाणी स्वल्पविराम वापरतात. कोणीच माघार घेईना. शेवटी तोडगा निघाला तो असा : भाषेची रूपे तीन मानायची. एक अहवालातले प्रमाण रूप, दुसरे छपाईतले आणि तिसरे प्रत्यक्ष यंत्रावरचे. दिसायला क्षुल्लक अशा या भांडणातून एक मोलाचा विचार पुढे आला. भाषेची रचना आणि तिची चिन्हे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नियम सांगायचे कसे?

ही भाषा पुढे 'अल्गॉल' या नावाने ओळखली गेली. झुरिकच्या अहवालात तिचे नियम मुख्यतः साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिले होते, आणि साध्या वाक्यांतून एकाहून अधिक अर्थ निघू शकतात. म्हणून 1959 मध्ये पॅरिसच्या परिषदेसाठी बॅकस यांनी ते नियम एका नेमक्या चिन्हपद्धतीत मांडले. डेन्मार्कचे पीटर नाऊर यांनी ती मांडणी वाचली, तेव्हा त्यांना आढळले की झुरिकचाच अहवाल वाचून बॅकस यांनी काढलेला अर्थ काही ठिकाणी आपल्या अर्थाहून वेगळा आहे. जाणकारांचे असे होत असेल, तर यंत्रासाठी कंपायलर लिहिणाऱ्यांचे काय होईल? नाऊर यांनी त्या पद्धतीत सुधारणा करून संपूर्ण भाषेचा मसुदाच तयार केला. जानेवारी 1960 मध्ये पॅरिसला तेरा जणांनी त्यावर चर्चा केली. त्यातून 'अल्गॉल 60'चा अहवाल सिद्ध झाला.

ही पद्धत वर्गात सहज समजावता येते. समजा, 'अंकमाला' म्हणजे काय हे सांगायचे आहे. नियम असा : अंकमाला म्हणजे एक अंक, किंवा एक अंकमाला आणि तिच्यापुढे एक अंक. आता 407 घ्या. 4 हा अंक आहे, म्हणून ती अंकमाला. तिच्यापुढे 0 आला, म्हणून 40 ही अंकमाला. तिच्यापुढे 7 आला, म्हणून 407 हीसुद्धा अंकमाला. इवल्याशा एका नियमात कितीही लांबीच्या अंकमाला मावल्या!

मोजक्या नियमांतून अगणित शुद्ध रूपे निर्माण करायची ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'त सुमारे चार हजार सूत्रे आहेत. या साम्याकडे बोट दाखवून 1967 मध्ये पीटर इंगरमन यांनी या चिन्हपद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे असे सुचवले होते. तसेच पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात 1993 मध्ये सरोजा भाटे आणि सुभाष काक यांनी पाणिनीचे व्याकरण आणि संगणकशास्त्र यांवर लेख लिहिला. अर्थात बॅकस यांनी पाणिनी वाचून ही पद्धत शोधली, असे कोणी म्हणू नये. तसा पुरावा नाही.

'नाहीतर' कोणाचे?

पण नेमकी चिन्हे वापरली म्हणजे सगळे प्रश्न सुटले, असे होत नाही. हे वाक्य फळ्यावर लिहून पाहा :

जर पाऊस असेल, तर जर छत्री असेल, तर शाळेत जा, नाहीतर घरी थांब.

हे 'नाहीतर' कोणत्या 'जर'चे? छत्रीचे धरले, तर पावसात छत्री नसलेला मुलगा घरी थांबेल, आणि कोरड्या दिवसाबद्दल वाक्य काहीच सांगत नाही. पावसाचे धरले, तर लख्ख ऊन पडले असताना मुलगा घरी थांबेल! अल्गॉलच्या कर्त्यांना हा धोका ठाऊक होता. एका 'तर'नंतर लगेच दुसरा 'जर' येऊ द्यायचा नाही, असा नियम त्यांनी केला होता. पण मध्ये आवर्तनाचे विधान घातले, की मागच्या दाराने तोच घोळ आत शिरत होता. 1963 च्या सुधारित अहवालात त्यासाठी बदल करावा लागला. तरीही राहिलेल्या अडचणींची यादी डोनाल्ड कनूथ यांनी 1967 मध्ये एका लेखात दिली. नव्या भाषाकाराने वाचायची ही दुसरी गोष्ट. तेरा निष्णात माणसांच्या नजरेतून काय सुटू शकते, हे त्यातून कळते.

मोह आवरणे

तिसरे वाचन टोनी होअर यांचे. 1973 मध्ये त्यांनी भाषारचना करणाऱ्यांसाठी काही सूचना लिहिल्या. त्यांचा आशय असा : भाषाकाराने आपल्या न पडताळलेल्या कल्पना भाषेत घालू नयेत. इतरांनी पारखलेल्या कल्पनांतून उत्तम त्या निवडून त्यांची नीट सांधणी करणे, हे त्याचे काम. साधेपणा, सुरक्षितता आणि वाचनीयता यांना त्यांनी मोठे स्थान दिले.

हा उपदेश करणाऱ्या होअर यांच्याही हातून एक चूक झाली होती. 1965 च्या सुमारास त्यांनी एका भाषेसाठी 'कशाचाच निर्देश न करणारा निर्देश' ही सोय सुचवली, कारण ती करणे अगदी सोपे होते. ती पुढच्या अनेक भाषांत उतरली आणि असंख्य प्रोग्रॅम तिच्यापायी मधेच कोसळले. 2009 मध्ये होअर यांनी ही आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. भाषेतला दोष एका प्रोग्रॅमपुरता राहत नाही. ती भाषा वापरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येतो.

अल्गॉलचा पुढचा प्रवासही बोधक आहे. 1968 ची नवी अल्गॉल इतकी अवघड झाली, की समितीतल्याच डाइक्स्ट्रा, होअर आणि इतर काहींनी वेगळे मतपत्र दिले. निकलाउस विर्थ आधीच बाहेर पडले होते. त्यांनी 1970 मध्ये पास्कल ही आटोपशीर भाषा पुढे आणली आणि पुढे कित्येक वर्षे जगभरचे विद्यार्थी त्याच भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकले. तिचा अहवाल हे चौथे वाचन.

आणि शेवटचे : भाषांच्या इतिहासावर 1978 मध्ये लॉस एंजेलिस येथे भरलेल्या परिषदेचा ग्रंथ. त्यात तेरा भाषांच्या कहाण्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा भाषा घडवणाऱ्यांनीच सांगितल्या आहेत. अल्गॉलची कहाणी तर दोनदा येते. अमेरिकन बाजू ॲलन पर्लिस सांगतात, युरोपीय बाजू नाऊर सांगतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात.

भाषा घडवू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला एक छोटे काम देता येईल. त्याने आपल्या भाषेचे नियम एका पानावर लिहावेत. ते पान दोन मित्रांना वेगवेगळे वाचायला द्यावे आणि एकाच विधानाचा अर्थ दोघांना विचारावा. उत्तरे वेगळी आली, तर हिरमुसायचे कारण नाही. 1959 मध्ये नाऊर यांच्यापुढे हाच अनुभव उभा राहिला होता, आणि खरे काम तिथूनच सुरू झाले.