आगीचे भय, नजरेचे भय

माझा भाचा लग्नांचे आणि जत्रांचे चित्रीकरण करतो. पूर्वी खांद्यावर एक कॅमेरा असे, आता जोडीला ड्रोन आला आहे. देवळाच्या कळसाभोवती फिरत जाणारे दृश्य नसेल तर यजमानांना लग्न लागल्यासारखेच वाटत नाही! गेल्या वर्षी अशाच एका कामासाठी त्याला विमानाने परगावी जायचे होते. नाजूक म्हणून कॅमेरा आणि लेन्स त्याने हातातल्या पिशवीत घेतल्या, आणि ड्रोनच्या चार बॅटऱ्या मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवल्या. बॅग आत गेली आणि थोड्याच वेळात त्याच्या नावाचा पुकारा झाला. बॅग उघडा, बॅटऱ्या बाहेर काढा, प्रश्नांना उत्तरे द्या. या गडबडीत विमान चुकता चुकता राहिले. तिकडे पोचल्यावर त्याचा फोन आला, "मामा, वस्तू धोक्याची असेल तर ती माणसांपासून लांब, खाली सामानात ठेवायला नको का? हे लोक ती माणसांत आणून ठेवायला सांगतात. हा कसला उफराटा नियम?"

आम्हां कारकुनांना एक खोड असते. नियम विचित्र दिसला की त्याच्यामागची फाईल शोधायची. ही फाईल उघडली तर दीडशेहून अधिक वर्षे मागे गेली. आणि गंमत म्हणजे तिच्यात पहिल्या पानापासून दोनच विषय आहेत, आगीचे भय आणि नजरेचे भय.

पहिले पान फ्रान्समधले. १८५८ साली नादार या नावाने प्रसिद्ध असलेला पॅरिसचा छायाचित्रकार बलूनच्या टोपलीत कॅमेरा घेऊन वर गेला. त्या काळी काचेच्या ओल्या पट्टीवर चित्र घ्यावे लागे. ती पट्टी तिथल्या तिथे तयार करायची आणि सुकण्यापूर्वी धुवायची, म्हणजे टोपलीतच काळोखी खोली थाटायची. सुरुवातीला त्याच्या पट्ट्या काळ्याच पडत. बलूनमधून निसटणारा गॅस पट्टीवरच्या रसायनाला बिघडवत होता. गॅसचे तोंड बंद ठेवल्यावर चित्र उमटले. हवेत नेलेली रसायने आणि वाहन यांचे जमत नाही, हा धडा असा पहिल्याच उड्डाणात मिळाला. नादारची ती चित्रे आज उरलेली नाहीत. आकाशातून घेतलेले सर्वांत जुने उपलब्ध छायाचित्र १८६० सालचे, अमेरिकेतल्या बोस्टन शहराचे आहे. जेम्स वॉलेस ब्लॅक याने तेही बलूनमधूनच घेतले.

पुढे जर्मनीतल्या न्यूब्रोनर नावाच्या औषधविक्रेत्याने १९०७-०८ च्या सुमारास कबुतरांच्या छातीवर छोटे कॅमेरे बांधून चित्रे काढली. म्हणजे माणसाविना उडणारा कॅमेरा आपल्या ड्रोनच्या शंभर वर्षे आधीचा! तोवर हे सारे कौतुकाचे होते. पहिल्या महायुद्धाने त्याचे रूप पालटले. मार्च १९१५ मध्ये न्यू शापेलच्या लढाईपूर्वी ब्रिटिशांनी विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून शत्रूच्या खंदकांचे नकाशे तयार केले. वरून काढलेले चित्र म्हणजे शत्रूच्या हाती दिलेला नकाशा, हे सगळ्या सरकारांच्या ध्यानात आले.

त्यानंतर १९१९ चा पॅरिसचा हवाई करार झाला. त्याच्या २७ व्या कलमाने प्रत्येक राष्ट्राला विमानातून छायाचित्रणाची साधने 'नेण्यावर किंवा वापरण्यावर' बंदी वा निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. 'नेण्यावर' हा शब्द पाहा. कॅमेरा नुसता जवळ असणेही संशयाचे होते. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोचा करार झाला, ज्यावर आजची जगाची विमानवाहतूक चालते. त्याच्या ३६ व्या कलमात फक्त 'वापर' राहिला. दोन करारांमधल्या पंचवीस वर्षांत कॅमेरा घराघरांत पोचला होता. प्रवाशाच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेणे आता कोणाला परवडणार? तेव्हा कॅमेरा न्या, पण कुठे वापरायचा ते आम्ही सांगू, असा मध्यममार्ग निघाला.

आपल्याकडच्या १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम याच कुळातला. परवानगीशिवाय विमानातून चित्र काढू नये, असे तो सांगतो. २००४ च्या डिसेंबरात नागरी विमान खात्याने नियमित विमानांतल्या प्रवाशांना त्यातून सवलत दिली. म्हणूनच आपण खिडकीतून ढगांचे फोटो काढू शकतो. मात्र ही सवलत संरक्षण दलांच्या विमानतळांवर चालत नाही, आणि इथे ही फाईल आपल्या दारात येते. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात उभारला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले. मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला आणि आज तिथे नौदलाचा हंसा तळ आहे. दाबोळीला उतरताना खिडकीतून मोबाईल रोखणाऱ्या पर्यटकाला वाटते, आपण झुवारी आणि समुद्र टिपतो आहोत. नियमाच्या दृष्टीने तो नाविक तळ टिपत असतो. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. तो नागरी आहे, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. एकाच गोव्यात दोन विमानतळ आणि दोन नियम!

आता आगीचे भय. एप्रिल १९०९ मध्ये रोमजवळच्या सेंतोचेल्ले इथे विल्बर राइटच्या शेजारी बसून एका कॅमेरामनने उडत्या विमानातून पहिले चलच्चित्र टिपले. त्या काळच्या सिनेमाची फिल्म नायट्रेटची. ती भडकली की विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पाण्याखालीसुद्धा ती जळते. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मांना आग लागून अनमोल चित्रपटांची राख झाली. नायट्रेट फिल्म १९५० च्या सुमारास बंद झाली आणि कॅमेऱ्याच्या पिशवीतली आग संपली असे वाटले.

ती दुसऱ्या दाराने परत आली. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. लहान जागेत भरपूर शक्ती साठवणारी ही बॅटरी कॅमेरा, मोबाईल, लॅपटॉप सगळ्यांत शिरली. तिच्याविना ड्रोन उडालाच नसता. पण आतला पातळ पडदा फाटला किंवा टोके एकमेकांना चिकटली की ती स्वतःच तापत जाते, आणि एका घटातली उष्णता शेजारच्या घटाला पेटवते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेले एक मालवाहू जंबो विमान अशा आगीने कोसळले आणि दोन्ही वैमानिक दगावले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. विमानाच्या पोटात सामान ठेवतात तिथे आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या पोटातली उष्णता थांबवत नाही. खाली काय पेटले आहे ते पाहायला माणूसही जाऊ शकत नाही. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो, कर्मचारी धावतात, पाणी ओतून बॅटरी थंड करतात. म्हणून धोक्याची वस्तू माणसांत! अमेरिकेने सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात टाकायला १ जानेवारी २००८ पासून बंदी केली, आणि आज जगभर तोच नियम आहे. २०१६ च्या एप्रिलपासून प्रवासी विमानांतून अशा बॅटऱ्या माल म्हणून पाठवणेही बंद झाले.

मर्यादा १०० वॅट-अवर. हिशोब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १५.४ व्होल्ट आणि ५००० मिलीअँपिअर-अवर, म्हणजे ५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर ७७. चालते. १०० ते १६० च्या मधल्या सुट्या बॅटऱ्या दोनच, त्याही विमान कंपनीच्या परवानगीने. त्यापुढच्या नाहीत. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती वेगळ्या पिशवीत ठेवावी. ड्रोनचे यंत्र हातात न्यायचे की सामानात, हे कंपनीला आधी विचारून घ्यावे.

ड्रोनमध्ये ही दोन्ही भये एकत्र आली. पोटात आग आणि कपाळावर डोळा! म्हणूनच ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्या सरकारने खाजगी ड्रोन उडवण्यावर सरसकट बंदी घातली. पुढे ती सैल होत गेली आणि ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उडवायची मुभा दिली. पण ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या घरच्या माणसांना हे आवर्जून सांगावे. हौसेने आणलेली भेट कस्टमच्या कपाटात जाऊन बसायची.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, हे तिथे काउंटरवर दोन वाक्यांत कोणी सांगितले असते तर मी भांडलो नसतो." त्याचेही खरेच आहे. आमच्या कचेरीतही आम्ही नियम सांगतो, कारण सांगत नाही, आणि समोरच्याला वाटते की आपल्याला मुद्दाम अडवले जात आहे.

असो. आता तो बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत घालून पायांशी ठेवतो, आणि दाबोळी जवळ आली की कॅमेऱ्याला झाकण लावतो.